एकीचे केस गळले, दुसरीला फुटले

तुमच्या घरातली बाई बीपी तपासून परत आली, की तुम्ही तिला काय विचारता? "किती आलं?" एवढंच ना? आकडा बरा असला की तुम्ही पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालता. त्या आकड्यापलीकडे तिच्या अंगावर, तिच्या डोक्यावर काय चाललंय, हे तुमच्या गावीही नसतं. आणि मग एक दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून तुम्ही डोकं धरता आणि म्हणता, "मला कुठे काय माहीत होतं!"

या गोष्टीतला नवराही हेच म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता. लिफ्ट दुरुस्त करायचा. वीस माळ्यांच्या इमारतीत लिफ्ट कुठे अडकलीय हे नुसत्या आवाजावरून सांगायचा. पण घरात बायको कशात अडकलीय, याचा त्याला पत्ता नव्हता.

बायकोचं पार्लर होतं. दोन खुर्च्यांचं, झेरॉक्सचं दुकान आणि चपला शिवणारा यांच्यामध्ये दाटीवाटीने बसवलेलं. एक लांब आरसा, कोपऱ्यात मान मागे टाकून केस धुवायचं बेसिन, मेणाचा डबा, दोऱ्यांची रिळं, आणि बाहेरच्यांना आतलं दिसू नये म्हणून जाड पडदा. गल्लीत तिला सगळे पार्लरवालीच म्हणत. कुठल्या कोर्सला गेली नव्हती. दुसरीच्या पार्लरमध्ये फरशी पुसता पुसता तिने कला उचलली होती, आणि त्याचा तिला भयंकर अभिमान होता. कोणी भिंतीवर सर्टिफिकेट शोधायला लागलं की ती पाठ फिरवायची आणि केसांचा शेपटा पुढे घ्यायची. "हे वाचा," म्हणायची.

शेपटा होताच तसा. कमरेच्या खाली, मनगटाएवढा जाड, स्वतःच्या हाताने रंगवलेला गडद वांगी रंगाचा. पार्लरच्या पाटीवर बाईचं चित्र नव्हतं. गरजच काय होती? ती दारात उभी राहिली की गिऱ्हाईक आत यायचं.

तिला पहिल्यांदा धडधडलं ते जिना चढताना. मग बसल्या बसल्याही धडधडायला लागलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पट्टा बांधला, छातीच्या ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाला, "बीपी आहे, आणि ठोकेही जरा बेताल आहेत. ही गोळी दोन्हीला चालेल. रोज घ्यायची. चुकवायची नाही." तिने त्यातलं बीपी तेवढं लक्षात ठेवलं. ठोक्यांचं कानावरून गेलं. पांढरी लांबट गोळी सुरू झाली, धडधड गेली, आकडा खाली आला, नवरा खूश झाला. विषय संपला.

काही महिन्यांनी एका सकाळी तिने शटर वर केलं, झाडू घेतला आणि आरशाखालून केसांचा पुंजका ओढून काढला. पार्लरमध्ये केस सापडणं म्हणजे पिठाच्या गिरणीत पीठ सापडणं. पण आदल्या संध्याकाळी तिने फरशी लख्ख पुसली होती आणि सकाळपासून एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. तिने पुंजका उजेडात धरला. वांगी रंग. तो रंग त्या गल्लीत दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

त्या दिवसापासून ती स्वतःच्याच दुकानात चोरासारखी वागायला लागली. बेसिनच्या जाळीतले केस गिऱ्हाइकाच्या आधी उचलायची. शेपट्याचा अंबाडा केला, अंबाड्यात आतून गंगावन घातलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं टक्कल झाकायच्या युक्त्या शिकवत आलेली बाई, आता त्याच युक्त्या स्वतःच्या डोक्यावर करत होती. कपाळाच्या वर भांग रुंद होत चालला होता. काजळाची पेन्सिल घेऊन ती तो रोज भरायची.

हिंमत करून ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेली. "डॉक्टर, केस फार गळताहेत हो. ही गोळी सुरू झाल्यापासून."

डॉक्टरने कागदावरून मानही वर केली नाही. हसला. "बाई, जीव महत्त्वाचा का केस? या वयात आता कुणाला दाखवायचंय?"

बाहेर बाकावर दोघं-तिघं बसले होते. तेही हसले. जी बाई भाजीवाल्याशी एका काडीवरून तासभर वाद घालायची, ती पदर सावरून खाली उतरली. कान तापले होते. त्या क्षणी तिने मनात ठरवलं, या माणसापुढे पुन्हा केसांचा क काढायचा नाही. लक्षात घ्या, पुढचं सगळं त्या हसण्यातून झालं. तो माणूस फक्त दोन वाक्यं नीट बोलला असता, गोळी बदलून बघू एवढं जरी म्हणाला असता, तरी हा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

आता तिची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात होती, फ्रेम बसवून द्यायची. काम असं की गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर स्वतःचं तोंड न्यायचं, कानामागे दांडी अडकवायची, नाकावर पट्टी बसली का बघायची. दिवसभर लोक तिचा चेहरा इतक्या जवळून बघत, की तिला दातातला तीळसुद्धा लपवता आला नसता. वहिनी तिला चिडवायला "वन्सं" म्हणायची आणि मुद्दाम अहो-जाहो करायची. नणंद वहिनीला सरळ अगं-तुगं करायची. दोघींचं मेतकूट असं, की नवऱ्याला घरात कुणी विचारायचंच नाही.

एका दुपारी पार्लर रिकामं असताना नणंद पडदा सारून आत आली. तोंडाला रुमाल.

"काय हो वन्सं, दात काढलात का?"

"वहिनी, आधी कडी लाव."

"अगंबाई! बँक लुटून आलात काय?"

नणंदेने रुमाल काढला. पार्लरवालीच्या हातातला कंगवा खाली पडला.

गालावर, कानशिलांवर, दोन्ही भुवयांच्या मध्ये आणि कपाळावर काळे, मऊ, दाट केस. चार-दोन चुकार केस नव्हेत, चांगलं पीक आलं होतं. नणंदेने बाही वर केली. हातावरही तेच.

"हे कधीपासून?"

"नवीन गोळी लागल्यापासून. बीपी ऐकेना ना माझं, म्हणून मोठ्या दवाखान्यात जालीम गोळी दिली. बीपी उतरलं, आणि हे उगवलं." ती रडायला लागली. "काल एका लहान पोराला चष्मा घालत होते. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, मावशी, तू बाबांसारखी दाढी का नाही करत? शेटजी आता मला आत भिंगं घासायला बसवतो म्हणतोय."

"डॉक्टरला सांगितलंत?"

"काय सांगू? दाढी आली म्हणून? तिथे सगळे पुरुषच बसलेले असतात."

पार्लरवालीने तिला खुर्चीत बसवलं, दोरा दातात धरला आणि गाल साफ करायला लागली. नणंद कळवळत होती आणि अधूनमधून हसतही होती. मग पार्लरवालीने आपला अंबाडा सोडला. गंगावन काढून ठेवलं. उरलं काय होतं? उंदराच्या शेपटीएवढं. आता तोंडाला हात लावायची पाळी नणंदेची होती.

"वहिनी! अगं, तुझे केस?"

"तुम्हाला फुटले ते माझेच असतील," पार्लरवाली म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघून आधी हसल्या, मग डोळे पुसले.

आणि इथे, याच खुर्चीत, ती चूक झाली. ऐका, कारण ही चूक फक्त पार्लरवालीच करू शकली असती. दुसऱ्या कुणाला ती सुचलीच नसती.

तिने नणंदेच्या पर्समधली गोळ्यांची पट्टी बघितली. इंग्रजी तिला जेमतेम यायचं. पण बाटल्यांवरची नावं चित्रासारखी पाठ होती. पट्टीवर बारीक अक्षरात जे नाव होतं, तेच नाव तिच्या आरशाशेजारच्या फळीवर ठळक अक्षरात उभं होतं. केस उगवायच्या लोशनच्या बाटलीवर. मिनॉक्सिडिल. भांग विरळ झालेल्या बायकांना ती हेच लोशन थेंब-थेंब लावायला सांगायची.

ती उडालीच. बाटलीतलं लोशन आणि पोटात घ्यायची बीपीची गोळी, एकच? हो, एकच. तुम्हालाही धक्का बसला ना? हे औषध आधी बीपीसाठीच आलं होतं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस यायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे टकलावर लावून बघावं. म्हणजे नणंदेच्या गालावर जे आलं होतं, ते कंपनीला पहिल्यापासून ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जिच्या गालावर आलं तिला.

पण पार्लरवालीच्या डोक्यात भलताच दिवा लागला.

"वन्सं, तुम्ही बीपीचीच गोळी घेता ना?"

"मग काय पित्ताची घेते?"

"मीही बीपीचीच घेते. माझीने केस जातात, तुमचीने येतात. मला केस हवेत, तुम्हाला नकोत." तिने दोन्ही पट्ट्या आरशाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. "मग आपण दोघी इतके दिवस एकमेकींची गोळी खात बसलोय की काय?"

"चालेल असं?"

"न चालायला काय झालं? दोघींचं बीपीच ना?"

नणंदेच्या आणखी दोन गोळ्या होत्या. एक लघवी साफ व्हायची, म्हणजे अंगात पाणी साठू नये म्हणून, आणि एक छोटी गुलाबी. गुलाबी कशाची, हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्या दोन्ही तिने आपल्याकडेच ठेवल्या. "त्यांनी काही उगवत नाही," म्हणाली. मग एकीने दुसरीच्या पर्समध्ये पट्टी टाकली. दोघींनी टाळी दिली. दादाला सांगायचं नाही, असं ठरलं.

पहिले दोन दिवस पार्लरवाली हवेत होती. कंगव्यात केस कमी आले असं तिला वाटलं. वाटलंच नुसतं. गोळी बदलल्यावर केसांना कळायलाही महिने लागतात, हे तिला नंतर समजलं. तिसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा लागेना. पाय फुगले होते. दिवसभर उभं राहून होतं, असं म्हणून तिने स्लीपर घातली. मग शटर वर करताना दम लागला. मग रिकाम्या खुर्चीत बसलं तरी ऊर धपापायला लागला. ती मनाशी म्हणाली, नवीन गोळी आहे, अंगाला सवय होतेय.

आठवडाही झाला नसेल. सकाळी अकराच्या सुमाराला खुर्चीत एक नवरी मुलगी होती, डोळे मिटून, भुवया करून घ्यायला आलेली. पार्लरवालीने दोऱ्याचं टोक दातात धरलं, वाकली, आणि छातीत घोडं उधळलं. ठोके इतके जोरात की दोरा दातात थरथरायला लागला. डावा हात जड झाला. घाम सुटला. मुलगी डोळे मिटून वाट बघत होती.

"ताई, झालं का?"

मुलीने डोळे उघडले, तर आरशात पार्लरवाली दिसतच नव्हती. ती खाली फरशीवर बसली होती, दोरा अजून दातात, आणि दोन्ही हातांनी छाती दाबून धरलेली. एक भुवई झालेली आणि एक राहिलेली अशी ती मुलगी किंचाळत रस्त्यावर पळाली. चपला शिवणारा हातातली आरी टाकून धावला. त्याने आणि झेरॉक्सवाल्याने मिळून तिला रिक्षात घातलं.

दवाखान्यात तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. तारा लावल्या, सुई टोचली. "कुठली गोळी घेता?" तिने विचारलं. पार्लरवालीने पर्स पुढे केली. डॉक्टरिणीने पट्टी वाचली आणि तिचा चेहराच बदलला.

"ही तुम्हाला कुणी दिली?"

"माझी मीच."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"ब्यूटिशियन आहे."

"आणि आधीची गोळी?"

"बंद केली. एकदम."

डॉक्टरीण नर्सला भराभर काय काय सांगायला लागली.

तेवढ्यात नवरा पोचला, हाताला ग्रीस, डोक्यावर कामाचं हेल्मेट तसंच. त्याने बहिणीला फोन केला होता. नणंद चष्म्याच्या दुकानातून निघाली खरी. पण वॉर्डच्या दारात आली, वहिनीला तारांमध्ये बघितलं, आणि भिंत धरून हळूच खाली बसली. नर्सने नाडी धरली, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा नाडी धरली आणि ओरडली, "मॅडम! हिचे ठोके लागतच नाहीयेत नीट! आणि बीपी बघा किती!"

वहिनीला बघायला आलेली नणंद शेजारच्या पलंगावर गेली. नवरा मध्ये उभा. इकडे बायको, तिकडे बहीण. हेल्मेट काढायचंही त्याला सुचेना.

"मला कुठे काय माहीत होतं!" तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला.

"दादा," नणंद क्षीण आवाजात म्हणाली, "आम्ही गोळ्या बदलल्या."

"बदलल्या म्हणजे?"

"तिची मी, माझी ती."

"अगं, भातुकली खेळत होता काय गं तुम्ही दोघी?"

डॉक्टरिणीने नणंदेची पर्स उपडी केली. वहिनीकडून आलेली पांढरी लांबट गोळी आणि नणंदेची छोटी गुलाबी, दोन्ही पट्ट्या तिने नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरल्या. "बारीक अक्षरं वाचा. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळा. आतलं औषध एकच. ठोके आवरणारं."

नवऱ्याने वाचलं. नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं. ती आठवडाभर एकच औषध दुप्पट घेत होती. म्हणून ठोके मंदावले होते. आणि तिचं हट्टी बीपी ज्या एका गोळीला ऐकत होतं, तीच तिने देऊन टाकली होती, म्हणून ते पुन्हा वर चढलं होतं.

"आणि तुम्ही," डॉक्टरीण पार्लरवालीकडे वळली, "ठोके आवरणारी गोळी एकदम तोडलीत आणि ठोके पळवणारी घेतलीत. यांना ती गोळी दिली तेव्हा तिच्याबरोबर दोन राखणदार दिले होते. एक पाणी काढायला, एक ठोके धरून ठेवायला. तुम्ही राखणदार तिथेच ठेवले आणि वाघ तेवढा घरी नेलात. अजून थोडा उशीर झाला असता तर अटॅकच होता. केसांसाठी! अहो, केस गळत होते तर आधी सांगायचं ना. कुणाकुणाला या गोळीने गळतात, सगळ्यांना नाही. यांचे कुठे गळले? तुमची गोळी हळूहळू कमी करून दुसरी देता आली असती. डॉक्टरला सांगायला काय झालं होतं?"

पार्लरवाली उठून बसली. तारा ताणल्या गेल्या, मशीन टुकटुकायला लागलं.

"सांगितलं होतं! सांगितलं होतं मी! हसले ते! या वयात कुणाला दाखवायचंय म्हणाले! माझं पोट या केसांवर आहे हो, मी कुणाला दाखवू आणि कुणाला नको!"

डॉक्टरिणीने स्टूल ओढलं, बसली, आणि म्हणाली, "चुकलं त्यांचं. आता मला सांगा. पहिल्यापासून सांगा."

त्या एका वाक्याने पार्लरवाली ढसाढसा रडली. इतक्या सगळ्या सुया टोचल्या तेव्हा रडली नव्हती.

दोघी वाचल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत दर वेळी वाचतातच असं नाही. पार्लरवालीची जुनी गोळी आधी पुन्हा सुरू झाली. मग थायरॉइड, अंगातलं लोह, सगळं तपासलं. कारण केस गळायची कारणं पुष्कळ असतात आणि दर वेळी गोळीच्या माथी मारून चालत नाही. सगळं ठीक निघालं, तेव्हा डॉक्टरांनी ती गोळी थोडीथोडी उतरवत दुसऱ्या जातीची चढवली. भांगात बारीक केस दिसायला काही महिने गेले. शेपटा पूर्वीसारखा झाला नाही. होईल की नाही, कुणी सांगत नाही. तिने केस खांद्यापर्यंत कापले, आणि "आता हीच फॅशन" म्हणून तोऱ्यात फिरते.

नणंदेचं तसं झालं नाही. बाकीच्या गोळ्या तिच्या बीपीला पुरत नाहीत, असंच पुन्हा निघालं. ती जालीम गोळी तिला परत घ्यावी लागली, राखणदारांसकट. आता ती दर रविवारी वहिनीच्या खुर्चीत गाल करून घेते आणि शेटजीच्या नाकावर टिच्चून पुढच्याच काउंटरवर बसते. कुणी टक लावून बघितलं की विचारते, "नंबर वाढलाय का तुमचा?"

पार्लरवालीने धंद्यात एकच बदल केला. केस गळतात म्हणून कुणी आलं की ती आधी तेलाची बाटली काढत नाही, लोशन तर नाहीच. खुर्चीत बसवते आणि विचारते, "कुठली गोळी चालू आहे? कधीपासून?" उत्तर ऐकून कितीतरी जणींना तशीच डॉक्टरकडे पाठवते. गोळी बंद करू नकोस, पण केसांचं बोलल्याशिवाय उठूही नकोस, असं दटावून पाठवते. गिऱ्हाइकं चिडतात. "तुला काय करायचंय? तू केस काप!" म्हणून उठून जातात. परवा एक तर दारात उभी राहून बरंच बोलून गेली.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक सांगणं आहे. उद्या तुमची पार्लरवाली किंवा तुमचा न्हावी, कंगवा हातात घेऊन मध्येच थांबला आणि "गोळी कुठली घेता?" असं विचारलं, तर त्याच्यावर डाफरू नका. खरं सांगा.